दुसरी बैठक

धान कापून झालं की बांधीत, धानाच्या त्या चौकोनी शेतात, काही उरत नाही, असं गोंदियाहून रेल्वेने जाणाऱ्या माणसाला वाटतं. खिडकीतून त्याला नुसते पिवळे खुंट दिसतात. पण खाली वाकून पाहिलं तर त्या खुंटांच्या मधून लाखोरी, लाखेच्या डाळीचं रोप, वर आलेली असते. धान उभं असतानाच, जमिनीतली ओल सुकायच्या आत, तिचं बी त्याच्या पायाशी फेकून ठेवलेलं असतं. त्याला नांगर लागत नाही की पाणी. धान डोक्यावर असेपर्यंत ती सावलीत गुपचूप वाढते आणि विळा फिरला की एकदम उघड्यावर येते. पौषात तिला फुलं येतात. बहुतेक निळी, मधूनच जांभळी, एखाद्या बांधीत पांढरी. सकाळच्या दवात त्या बांधीतून चाललं की धोतर गुडघ्यापर्यंत भिजतं आणि एक कच्चा, हिरवा वास पायांना चिकटून घरापर्यंत येतो.

यंदाही ती फुलली आहे. मी पंचेचाळिशी ओलांडली आहे, तहसील कचेरीत वरच्या जागेवर आहे, माझ्या अक्षराला अजून मान आहे. तरी दर वर्षी या दिवसांत मी शेताकडची वाट टाळतो. बायको म्हणते, "बाजारात लाखोरीची भाजी आली असंल, आणा ना जी." मी आणायला विसरतो. दोन-तीनदा विसरलो की ती स्वतःच आणते, लसूण आणि सुकी मिरची घालून करते, आणि मी मान खाली घालून जेवतो.

सध्या गोंदियात जिकडे तिकडे एकच बोलणं आहे. इंग्रज जाणार. न्हाव्याच्या दुकानात, धानाच्या गिरणीबाहेर पोत्यांवर बसलेल्या हमालांत, सगळीकडे. "अब अपना राज आएगा बाबूजी, सबसे पूछ-पूछ के काम होगा," असं आमच्या कचेरीसमोरचा पानवाला मला सांगतो आणि माझ्याकडे पाहून हसतो. मीही हसतो. मला त्याचं खोटं वाटत नाही. पण लोकांना विचारणं म्हणजे काय, ते मी जवळून पाहिलं आहे. विचारल्यावर आलेलं उत्तर कुठे हरवतं, हे तर माझ्याइतकं कोणालाच माहीत नसेल.

आमच्या झाडीपट्टीतल्या लहान गावांत एक रीत होती. माझ्या वडिलांच्या गावी होती, पुढे ज्याची गोष्ट येते त्या सावरटोल्याला होती, आसपासच्या पुष्कळ टोल्यांवर, लहान वाड्यांवर होती. गावापुढे काही मोठं ठरवायचं आलं की दोनदा बसायचं. पहिल्या दिवशी फक्त ऐकायचं. ज्याला सांगायचं आहे तो सांगतो, बाकीचे उकिडवे बसून जमिनीकडे पाहतात. त्या दिवशी जो लगेच तोंड उघडेल त्याला लोक उतावळा समजत, घरच्यांना न विचारता बोलणारा म्हणून त्याची टर उडवत. प्रश्न जितका मोठा, तितकी ती पहिली बैठक मुकी. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळी करून पुन्हा बसायचं, आणि तेव्हा बोलायचं.

मधल्या वेळात काय होई, ते मी आमच्याच घरात पाहिलेलं आहे. एकदा तळ्याचं पाणी आधी कोणाच्या बांध्यांना द्यायचं हे ठरत होतं. वडील संध्याकाळी परत आले आणि चुलीजवळ बसून सगळं सांगू लागले. आई पेज ढवळत होती. तिने हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही. सकाळी अंगणात सडा टाकताना मात्र, वडिलांकडे न पाहताच, म्हणाली, "वरच्या बांध्यायले आधी द्या. खालच्याले झिरपून जातेच." दुसऱ्या बैठकीत वडिलांनी तेच वाक्य स्वतःचं म्हणून मांडलं. समोरून कोणीतरी म्हणालं, "हे तुझं डोस्कं नाही गा, पाटील," आणि सगळे हसले. वडीलही हसले. बायका त्या बैठकीत कधी दिसत नसत, पण दुसऱ्या दिवशीच्या बोलण्यात अर्धं बोलणं त्यांचंच असे. ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी ते उघड म्हणत नसे.

ही रीत मला माझ्या नावासारखी माहीत होती. म्हणूनच पुढचं मला लिहायचं आहे.

मी तेव्हा बाविशीत होतो. नागपूरला चार यत्ता जास्त शिकून आलो होतो आणि एका इंग्रज साहेबाच्या तंबूत कारकून म्हणून लागलो होतो. नोकरी पक्की व्हायची होती. सरकारी राखीव जंगलाची हद्द पुढे सरकवायची होती आणि त्याआधी गावोगाव जाऊन लोकांची काही हरकत आहे का, ते विचारायचं, हे साहेबाचं काम. कागद मी लिहायचो, बोलणं मी समजावून सांगायचो. साहेब वाईट नव्हता. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढे मी त्याच्यावर काय ढकललं तेही लिहायचं आहे. तो घोड्यावरून उतरून हद्द पायी चालायचा, झाडांची आमची नावं विचारून घ्यायचा, आणि चुकीची उच्चारली की स्वतःच हसायचा.

सावरटोल्याला आम्ही पोचलो तेव्हा अशीच लाखोरी फुलली होती. खळ्यांवर धानाचे पुंजणे उभे होते, मळणीच्या बैलांच्या गळ्यातल्या घंटा दिवसभर वाजत, तणसाचा कोरडा, गोडसर धुरळा नाकात बसे. दूर तळ्याकाठी सारसांची जोडी चाले. गाव तीसेक घरांचं. मालगुजार दूर शहरात राहायचा, त्याला या गावाची वसुलीपलीकडे खबर नव्हती. गावाची ढोरं राखायचा सुकरू गोवारी. आमच्याकडे राखणाऱ्याला गायकी म्हणतात. चाळिशीचा, उंच, कानात पितळी बाळ्या. गावात त्याच्या शब्दाला वजन होतं, कारण प्रत्येक घरातलं एकतरी जनावर त्याच्या ओळखीचं होतं.

गावाच्या उत्तरेला नाल्यात एक डोह होता. कासवडोह. उन्हाळ्यात तळं आटलं की ढोरांना पाणी तेवढंच. आणि साहेबाच्या नकाशावरची तांबडी रेघ बरोबर गाव आणि डोह यांच्यामधून गेली होती. ती रेघ पक्की झाली की डोह जंगलात जाणार आणि डोहावर गेलेलं ढोर कोंडवाड्यात. गावापुढे प्रश्न होता तो एवढाच.

साहेबाने आंब्याखाली टेबल मांडलं, नकाशा पसरला, कोपऱ्यांवर दगड ठेवले. लोक वाकून पाहून गेले. लटारू नावाचा एक गमत्या माणूस होता. तो बोट लावायला घाबरत म्हणाला, "हे आमचं गाव? एवढंसं? मुंगीनं पाय देला तं बुजंल बापा." सगळे हसले आणि मग रीतीप्रमाणे बसले. मी सगळं समजावून सांगितलं. जंगल कुठून कुठे, काय बंद होणार, काय चालू राहणार. स्वच्छ पुणेरी मराठीत सांगितलं. तेव्हा मी तसंच बोलायचो. आपण इथल्याच मातीतले आहोत हे साहेबाला कळू नये म्हणून मी फार जपत असे.

"तुम लोगों को कुछ बोलना है?" साहेबाने विचारलं. "अभी बोलो. बाद में मत बोलना कि पूछा नहीं."

कोणी बोललं नाही. सुकरू काडीने मातीत रेघा ओढत होता. साहेबाने पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा, आवाज मुद्दाम मऊ करून. वरून आंब्याचं एक वाळकं पान नकाशावर पडलं, ते त्याने फुंकरीने उडवलं. शेवटी माझ्याकडे वळून त्याने इंग्रजीत विचारलं, "हे लोक गप्प का आहेत?"

एक वाक्य पुरे होतं. ही त्यांची पहिली बैठक आहे, उद्या सकाळी बोलतील. एवढंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे तंबू उठायचे होते, पुढच्या मुक्कामाचे निरोप गेले होते, हे खरं. पण त्या कारणाने मी गप्प राहिलो असं म्हटलं तर ती पळवाट होईल. मी ते वाक्य बोललो असतो तर साहेबाने विचारलं असतं, तुला कसं माहीत? आणि मला सांगावं लागलं असतं की माझा बापही असाच उकिडवा बसतो, असाच मातीत रेघा ओढतो. त्या क्षणी मला ते नको होतं. मी म्हणालो, "साहेब, यांची काही हरकत दिसत नाही."

त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग मान हलवली. मी लिहिलं, गावकऱ्यांस समक्ष विचारले, हरकत नाही. अक्षर फार सुबक आलं.

सकाळी साहेब घोड्यावरून पुढे गेला. दप्तराच्या पेट्या गाड्यांवर चढवून मागून यायचं काम माझ्याकडे होतं. तंबू उठले होते. त्यांच्या जागी पिवळ्या पडलेल्या गवताचे चौकोन आणि खुंट्यांची भोकं उरली होती. तंबू उभारणारा खलाशी चुलीवर पाणी ओतत होता. मी वर पाहिलं तर लाखोरीच्या बांध्यांमधून, कडेच्या धुऱ्याधुऱ्याने, एकामागे एक माणसं येत होती. सगळ्यांच्या डोक्याला धुतलेली मुंडाशी. पुढे सुकरू.

"राम राम बाबू. साहेब कुठी गेला जी?"

"पुढच्या मुक्कामाला."

"पण आमी तं आता आलो."

लटारू त्या चौकोनांकडे पाहत म्हणाला, "मी म्हटलं नोतं? गाव एवढंसं. साहेबाच्या नजरेतून निसटलं." या वेळी कोणी हसलं नाही.

सुकरू थोडा वेळ उभा राहिला. मग माझ्यासमोर उकिडवा बसला आणि बाकीचेही बसले. "मंग तू ऐक, बाबू. जसं सांगतो तसं साहेबाले सांगजो. डोंगर घ्या. साग घ्या, बांबू घ्या, आमी कुऱ्हाड घेऊन चढणार नाही. फक्त डोहापर्यंत ढोरायची वाट सोडा, दोन गाड्या जातीन एवढी. त्याच्या बदल्यात उन्हाळ्यात मोहफुलं वेचताना आमी झाडाखालचा पाला जाळणार नाही, झाडून काढू. आमच्या बाजूनं आग लागली तं वाट बंद करा."

मी चपापलो. दोनच दिवसांपूर्वी साहेबाने मला तीन पानं लिहायला सांगितली होती, आणि ती तीनही पानं याच आगींबद्दल होती. मोह वेचणारे पाला जाळतात, वणवा डोंगरावर चढतो, आणि उपाय सापडत नाही. उपाय माझ्यासमोर उकिडवा बसला होता.

"आगीचं कोणी सुचवलं?" मी विचारलं.

सुकरूने नजर दुसरीकडे वळवली. ओठांच्या कोपऱ्यात हसला. "घरचं बोलणं आहे."

"सांगतो," मी म्हणालो.

त्या दिवशी दुपारी मी साहेबाला गाठलं. तो जेवत होता. "सब ठीक?" त्याने विचारलं. "जी साहेब," मी म्हणालो. सांगायचं तर आधी कबूल करावं लागणार होतं की काल मी चुकीचं सांगितलं. उद्या सांगू असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते एक दिवसाने जास्त अवघड झालं होतं. पुढे महिनाभर मी त्याच्याबरोबर होतो. त्याच्या शेजारी बसून मी शंभर कागद लिहिले असतील. मग त्याची बदली झाली, माझी नोकरी पक्की झाली, आणि नकाशावरची रेघ जमिनीवर उतरली. दगडी खुणा लागल्या.

दोनेक वर्षांनी, वैशाखात, मी कचेरीकडे जात होतो. कोंडवाड्याच्या भिंतीच्या बारीक सावलीत सुकरू बसला होता. आत ढोरं हंबरत होती. त्याने मला ओळखलं, उठून उभा राहिला. मी म्हटलं आता हा विचारणार. त्याने जे विचारलं त्यात राग नव्हता.

"बाबू, साहेबाले आमची गोष्ट पटली नसंल."

मी त्याच्या कानातल्या बाळ्यांकडे पाहिलं. "नाही पटली," मी म्हणालो.

"काऊन जी? काय म्हणला?"

"काही म्हणाले नाहीत. नाही म्हणाले."

"हव," तो म्हणाला आणि पुन्हा सावलीत बसला. मी कचेरीत गेलो. त्या दिवशी ऊन इतकं होतं की दौतीतली शाई घट्ट झाली होती. एवढं मला आठवतं, आणि दुपारभर तीन ओळींपलीकडे काही लिहिलं नाही, हेही आठवतं.

त्यानंतर मी त्या बाजूला गेलो नाही. बदलीचे, दौऱ्यांचे प्रसंग आले, मी दुसऱ्यांना पुढे केलं. माणसाला टाळायची सवय लागली की तिला कामाचं रूप देता येतं. मधून मधून कोणी ना कोणी सांगे. सावरटोल्याची ढोरं उन्हाळ्यात तीन कोसांवरच्या मोठ्या नाल्याला जातात. लहान वासरं आणि गाभण गाई एवढं चालू शकत नाहीत, म्हणून लोकांनी जनावरं कमी केली. सुकरू गेला, असंही कळलं. मी "अरेरे" म्हटलं आणि समोरचा कागद ओढला.

आणि यंदा, लाखोरी ऐन भरात असताना, नागपूरहून एक तरुण अधिकारी आला. आपलाच माणूस, खादीचा कोट, बोलायला गोड. चराईचे आणि निस्ताराचे, म्हणजे जंगलातून सरपण-पाला घेण्याच्या हक्काचे, नियम नव्याने ठरवायचे आहेत, त्याआधी गावोगाव लोकांना विचारायचं, असं त्याला सांगून पाठवलेलं. माहितगार म्हणून कचेरीने मला बरोबर दिलं. गावांची यादी त्याच्याकडे होती. चौथं नाव मी वाचलं आणि आजारी पडावं असं मनात आलं. पडलो नाही. कोहमाऱ्यापर्यंत मोटारीने आणि पुढे बैलगाडीने आम्ही सावरटोल्याला गेलो.

गाव बदललं होतं. कौलं जास्त होती, गोठे कमी. लोक जमले. अधिकाऱ्याने आदराने सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, तुमचं म्हणणं काय? मी जमिनीकडे पाहत बसलो. आता शांतता पसरेल, आणि या खेपेला मी तोंड उघडीन, असं मी गाडीत बसल्यापासून घोकत आलो होतो.

"काही हरकत नाही साहेब," एक तिशीचा माणूस ताबडतोब म्हणाला. "तुमी म्हणाल तसं."

"हव हव. काही हरकत नाही," बाकीचे म्हणाले. दहा मिनिटं लागली नाहीत. तोंडात दात न उरलेला एक म्हातारा उठताना माझ्या अंगावर आल्यासारखा वाकला आणि म्हणाला, "आमी लवकर उरकतो, बाबू. मागं एकदा उशीर झालता." तो लटारू होता. त्याने मला ओळखलं होतं की नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

अधिकारी खूश झाला. "शिस्तीचं गाव आहे," तो म्हणाला. मला बसवेना. इतकी वर्षं मी समजत होतो की मी एक निरोप पोचवला नाही. त्या गावाने मात्र त्यावरून शिकून घेतलं होतं की सरकारला दुसरा दिवस नसतो. त्यांनी त्यांची रीतच सोडली होती.

पहिला बोलला तो सुकरूचा मुलगा, मनसाराम. मी त्याला आईबद्दल विचारलं. त्याने बांधीकडे हात केला. त्याची आई, भागरताबाई, लाखोरीचे कोवळे शेंडे खुडत होत्या. केस पांढरे, पदर कमरेला खोचलेला, ओटीत भाजी. मी धुऱ्यावर उभा राहिलो.

"कोण पाहिजे गा?"

मी कोण ते सांगितलं. साहेबाबरोबरचा बाबू. त्यांचे हात थांबले नाहीत. "मालूम आहे मले. बुढा सांगे. चांगल्या अक्षराचा."

मग मी सांगितलं. लिहायला जेवढा वेळ लागला त्याहून फार कमी वेळात सांगून झालं. साहेबाला मी काय म्हणालो, सकाळी त्यांनी काय सांगितलं, आणि ते मी कुठे नेलं नाही. कोंडवाड्यापाशी काय बोललो, तेही. एवढं बोलेपर्यंत माझी पुणेरी भाषा कुठे गळून पडली ते मला समजलं नाही.

आता मात्र त्यांचे हात थांबले. "म्हणजे साहेबानं नाही म्हटलंच नोतं?"

"नाही. त्यायच्यापर्यंत गोष्ट गेलीच नाही."

एक मधमाशी त्यांच्या ओटीतल्या भाजीवर फिरत होती. मग त्या म्हणाल्या, "बुढ्याले वाटे, आपली सांगण्यात चूक झाली. गोठ्यात बसून रोज नवीन रीतीनं सांगून पाहे. गाईयले सांगे. म्हणे, वाट आधी मागाले नोती पाहिजे, आगीचं आधी सांगाले पाहिजे होतं. मरेपर्यंत सांगत राहिला गा. आणि आगीचं तं मी म्हटलं होतं. त्याले वाटे, बायकोचं चांगलं बोलणं आपण बिघडवलं."

मी खाली बसलो, त्या ओल्या लाखोरीतच. त्यांनी मला ऊठ म्हटलं नाही, माफ केलं असंही म्हटलं नाही. उरलेले शेंडे खुडले, ओटी सावरली आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी बसू. पण तुझ्या हाती निरोप नाही देत. तो साहेब बसंल समोर. तू नुसता लिही."

मी गाडीकडे परत गेलो. अधिकारी गाडीत चढायच्या तयारीत होता. त्याला थांबवायचं तर का थांबायचं ते सांगावं लागणार होतं, आणि अर्धवट सांगून भागण्यासारखं नव्हतं. मी सगळं सांगितलं. बैलांच्या समोर, गाडीवानाच्या देखत. तो ऐकत गेला तसा त्याचा गोड चेहरा उतरत गेला.

"हे तुम्ही मला लेखी द्याल?" त्याने विचारलं.

"देईन."

"तुमच्या नोकरीचं काय होईल, मी सांगू शकत नाही."

"ठीक आहे," मी म्हणालो. त्याने गाडीवानाला बैल सोडायला सांगितलं.

सकाळी लोक आले. मुंडाशी धुतलेली होती. नवीन एवढंच होतं की भागरताबाई आणि आणखी पाच-सहा बायका घरात न थांबता समोर येऊन बसल्या. लटारूने भुवया उडवल्या. "आता घरी जाऊन विचारायचं कामच नाही राहिलं. घरच इथं आलं."

सुरुवातीलाच भांडण झालं. मनसाराम म्हणाला, "डोह गाळानं भरला. त्याची वाट घेऊन काय करू? विहीर मागू." एक बाई म्हणाली, "विहिरीचं पाणी तू ओढशील ढोरायले? का मी?" कोणी म्हणालं, गाळ आपण काढू. कोणी म्हणालं, काढला असता तर कधीच काढला असता, आळशी. आवाज चढले, उतरले. अधिकारी बाजेवर बसून एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होता. मला वाटलं आता हा कंटाळेल. तो कंटाळला नाही. मध्येच एकदा त्याने विचारलं, "मोह वेचायच्या आत गाळ काढून होईल का?" आणि सगळे एकदम त्याच्याकडे वळले, जणू तो आत्ताच येऊन बसला होता.

ऊन चढलं तेव्हा ठरलं. डोहापर्यंत वाट द्यावी. गाळ गाव काढील. मोहाखाली जाळ होणार नाही, पाला बायका झाडून काढतील आणि कोणी जाळला तर गावच त्याला धरून आणील. पावसाळ्यापुरतं वाळलं सरपण त्या वाटेच्या दोन्ही अंगांनी घेऊ द्यावं. सरपणाचं आधी कोणाच्या मनात नव्हतं. ते बायकांनी तिथल्या तिथे घातलं.

मी सगळं लिहिलं.

"वाच," भागरताबाई म्हणाल्या.

मी वाचून दाखवलं. लोक मान हलवत ऐकत होते. शेवटच्या ओळीशी आलो. "तरी वरील बाबींचा सरकारने कृपाळूपणे विचार करावा, अशी गावकऱ्यांची नम्र विनंती आहे."

"हे कोणं म्हटलं?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "कागदाच्या शेवटी असं लिहायची पद्धत आहे."

"आमी कवा विनंती केली गा?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "वाट घेऊन राहिलो, त्याच्या बदल्यात काम देऊन राहिलो. हे आमचं सांगणं आहे. काढ ते."

मी अधिकाऱ्याकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता. मी ती ओळ खोडली, एका रेघेने नाही, खाली काय होतं ते वाचता येऊ नये अशी. तिच्या जागी लिहिलं, गावाचे सांगणे वरीलप्रमाणे आहे. अक्षर जरा वाकडं आलं.

"आता पुन्हा वाच. पहिल्यापासून."

मी पहिल्यापासून वाचलं. या वेळी कोणी मान हलवली नाही, सगळे नुसते ऐकत होते. संपल्यावर भागरताबाईंनी पदर सावरला, सरकत पुढे आल्या आणि अंगठा माझ्यासमोर धरला. भाजी खुडून खुडून तो हिरवट झाला होता. त्या गावाच्या कुठल्याही कागदावर आजवर बाईचा अंगठा उमटलेला नव्हता. मी शाईची डबी उघडली.